स्टेशनवर दिसलेली अभिनेत्री आणि तुमची मुलगी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाहुण्यांना घ्यायला तुम्ही सकाळी सोलापूर स्टेशनवर गेलात, सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून मालिकेतली एक अभिनेत्री उतरली. तिची मालिका मुलगी रोज बघते. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ चालू केला आणि "ताई, ओ ताई, इकडं बघा की" म्हणत पुढे गेलात. तिनं तोंडावर ओढणी घेतली, "नको, प्लीज" म्हणाली आणि झपाझप निघून गेली. मुलगी रडली. घरी आल्यावर तुम्ही तो व्हिडिओ "पडद्यावर गोड, प्रत्यक्षात माजोरडी" अशी ओळ टाकून फेसबुकवर चढवला आणि लोकांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. आता तुमची पत्नी म्हणते, चूक तुमचीच. तुम्ही विचारताय की चूक नक्की कुणाची आणि पुन्हा असं कुणी भेटलं तर वागायचं कसं.

गेली ३२ वर्षं मी सोलापुरात बाहेरगावच्या नाटकांचे प्रयोग लावतो. हुतात्मा स्मृती मंदिराची तारीख मिळवण्यापासून रात्री नाटकाची बस गावाबाहेर पडेपर्यंतची सगळी धावपळ माझी असते. पहाटे स्टेशनवर जाणं, लॉज, जेवण, रंगपटातला (म्हणजे कलाकारांच्या मेकअपच्या खोलीतला) चहा आणि प्रयोगानंतर भेटायला येणाऱ्यांची गर्दी. लोक कलाकारांसमोर कसे उभे राहतात, काय बोलतात, हे मी फार जवळून पाहिलंय. त्यातलं काय आवडलं आणि काय लागलं हे कलाकार लोकांसमोर बोलत नाहीत. नंतर गाडीत बोलतात. त्या गाडीतल्या बोलण्यातून मी जे शिकलो, त्याच्या आधारावर हे लिहितोय.

वहिनींचं बरोबर आहे. तुम्ही भेटायला पुढे गेलात यात काहीच गैर नव्हतं. आवडत्या कलाकाराला बघून पाय आपोआप पुढे पडतात, माझे आजही पडतात. चुका दोन झाल्या. तोंडातून नमस्कार निघण्याआधी मोबाइल वर गेला, ही पहिली. ती एक वेळ चालून जाते. घरी बसून, शांत डोक्यानं तो व्हिडिओ गावासमोर टाकलात, ही दुसरी, आणि ती मोठी.

त्या सकाळी ती कुठल्या अवस्थेत असेल ते सांगतो. सिद्धेश्वर ही रात्रभराची गाडी. मालिकेत काम करणारे कलाकार सहसा दौऱ्याच्या बसनं येत नाहीत, त्यांना तेवढा वेळ नसतो. शनिवारी पॅकअप झालं की तसंच स्टेशन गाठायचं, सकाळी सोलापुरात उतरायचं, संध्याकाळी प्रयोग करायचा आणि त्याच रात्री परतीची गाडी धरून सोमवारी सेटवर उभं राहायचं. म्हणजे प्लॅटफॉर्मवर उतरलेल्या त्या मुलीची झोप झालेली नव्हती, तोंड धुतलेलं नव्हतं, एका हातात बॅग होती आणि समोरून एक अनोळखी पुरुष मोबाइल रोखून तिच्याकडे येत होता. तुमच्या दुसऱ्या हाताला मुलगी होती हे तिला दिसलंही नसेल. तिला दिसला तो मोबाइल.

माझ्याकडे काम करणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. समोरचा कोण आहे हे तू ओळखलंस, ठीक. आता तो काय करतोय ते बघ. जेवतोय का, फोनवर बोलतोय का, लेकराला घेऊन चाललाय का, देवापुढे डोळे मिटून उभा आहे का. दवाखान्याच्या पायरीवर किंवा स्मशानात कुणी दिसलं तर ओळखही दाखवायची नाही. सिद्धेश्वराच्या दर्शनाला आलेला माणूस गाभाऱ्यासमोर असेपर्यंत भाविक आहे. तो बाहेर येऊन, चप्पल घालून, तळ्याकडे बघत रेंगाळला तर हात जोडायला हरकत नाही. एवढं बघायला पाच सेकंदं लागतात, आणि बहुतेक वाईट प्रसंग ती पाच सेकंदं न दिल्यामुळे घडतात.

जेवणाचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या गावात सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ नटाला मी विजापूर रोडच्या एका साध्या खानावळीत घेऊन गेलो होतो. त्यांना बाजार आमटी आणि कडक भाकरी खायची होती. कडक भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्याचा उजवा हात मनगटापर्यंत भरलेला असतो. त्यांनी दुसरा घास घेतला असेल नसेल, तोच एक अख्खं कुटुंब टेबलाभोवती उभं राहिलं. "ओ मालक, एक फोटो द्या की, पोरं कधीची मागं लागलीत." ते उठले, हात धुतला, फोटो दिला. मग कुटुंबातल्या एकाचे डोळे मिटले होते म्हणून दुसरा दिला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे उठले. परत येऊन बसले तेव्हा आमटीवर साय धरली होती. त्यांनी ताट बाजूला सारलं, मला म्हणाले, "राहू दे, भूक गेली." त्या संध्याकाळचा प्रयोग त्यांनी अर्धपोटी केला. मी तिथं होतो आणि लोकांना "जेवण होऊ द्या" असं म्हणू शकलो असतो. पाहुणा माझा होता. गिऱ्हाईक दुखावेल या भीतीनं मी गप्प बसलो, हे मला अजून टोचतं.

आणि त्याच खानावळीतला दुसरा प्रसंग, तेच नट, तीन-चार वर्षांनंतर. पलीकडच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ एकटे जेवत होते. बोलण्यावरून पूर्व भागातले, तेलुगू घरातले वाटले. त्यांनी आम्हाला येतानाच ओळखलं होतं, पण पूर्ण जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. उठले, हात धुतला, पैसे दिले. दाराकडे जाताना चार हात लांब थांबून नमस्कार केला आणि म्हणाले, "अण्णा, तुमचं ते बापाचं काम बघून मी त्याच रात्री पोराला फोन लावला होता. दोन वर्षं बोलत नव्हतो." एवढं बोलून उत्तराची वाट न बघता निघूनही गेले. नटाचा घास हातातच राहिला. गाडीत मला विचारलं, "कोण होते ते?" मला माहीत नव्हतं. पुढच्या दौऱ्यात स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न तोच, "त्या गृहस्थांचा काही पत्ता लागला का?" माझ्या आठवणीत इतक्या वर्षांत त्यांनी सोलापुरातल्या दुसऱ्या कुणाची अशी चौकशी केलेली नाही, आणि त्या गृहस्थांनी फोटो मागितलाही नव्हता.

म्हणून काय बोलायचं, याचं माझं उत्तर असं. एक गोष्ट, नेमकी. "तुमचं सगळंच छान असतं" हे दिवसातून पन्नासदा ऐकलेलं असतं. "दुसऱ्या अंकात तुम्ही पत्र न वाचताच घडी घालता, तिथं मला रडू आलं" हे कुणीतरी लक्ष देऊन बघितल्याची खूण आहे. असं नेमकं काही आठवत नसेल तर "नमस्कार, तुमचं काम आवडतं" एवढं पुरे. "तुम्ही त्या कुठल्यातरी सिरियलमधले ना? नाव काय तुमचं?" हे मात्र विचारू नका. नाव आठवत नसेल तर लांबून बघून समाधान माना. "टीव्हीवर जाड दिसता हो", "लग्न कधी?", "ती मालिका का सोडली, काढलं का?" हे प्रश्न तुम्ही शेजाऱ्याला वाटेत अडवून विचाराल का? मुलाला काम लावा, माझी संहिता वाचा, हेही रस्त्यात नको. आणि भूमिकेचा राग माणसावर काढू नका. निळू फुले यांच्यासारख्या सज्जन माणसाला खलनायकी भूमिकांपायी बायकांच्या शिव्या खाव्या लागल्या. तो त्यांच्या अभिनयाचा विजय होता हे खरं, पण शिवी खाणारा कान माणसाचाच असतो.

हात लावण्याबद्दल स्पष्ट सांगतो. नमस्कार हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा आणि सुंदर रिवाज आहे, तोच करावा. हस्तांदोलनाला हात त्यांनी पुढे केला तर आपण करायचा. फोटोसाठी खांद्यावर हात टाकणं, कमरेभोवती हात नेणं, गर्दीत मुद्दाम खेटणं हे पुरुष कलाकारांनाही नको असतं, आणि अभिनेत्रींना तर त्याची इतकी सवय करून घ्यावी लागलेली असते की त्या फोटोच्या वेळी दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून उभ्या राहतात. तुम्ही कधी असा फोटो बघितलात तर ती पर्स का तशी धरलीय ते आता कळेल. बाईशेजारी उभं राहताना मध्ये वीतभर जागा सोडा. एवढ्यानं तिचा चेहरा मोकळा होतो आणि फोटोही चांगला येतो.

आता "नको" या शब्दाकडे येतो, कारण तुमचं दुखणं तिथं आहे. कुणी नको म्हटलं की तो माजला, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. जरा हिशेब करून बघा. प्रयोगानंतर २०० माणसं थांबली आणि प्रत्येकाला फक्त अर्धा मिनिट दिला तरी १०० मिनिटं होतात. मेकअप उतरवायचा असतो, जेवायचं असतं, बस लातूरकडे निघायची असते आणि उद्या दुपारी तिथं प्रयोग असतो. कधी ना कधी, कुणाला तरी नको म्हणावंच लागतं, आणि ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला वाटतं की बाकी सगळ्यांना हो म्हणून मलाच नकार दिला. तुमच्या अभिनेत्रीनं तर "प्लीज" म्हटलं होतं. नकार याहून सभ्य कसा असायचा? त्यावर आपण एवढंच म्हणायचं असतं, "बरं ताई, प्रयोगाला शुभेच्छा." मी पैजेवर सांगतो, हे ऐकून दहातले निम्मे कलाकार थांबतात. पण थांबावेत म्हणून हे बोलायचं नाही. नाही थांबले तरी आपण चांगलंच बोललेलो असतो.

माझीही एक मोठी चूक सांगतो. मोबाइल यायच्या आधीचा काळ. एका पानटपरीवर ओळखीच्या पोरांनी विचारलं, हिरॉइन कुठं उतरलीय? मी मोठेपणात लॉजचं नाव सांगून टाकलं. रात्री खिडकीखाली तीस-चाळीस पोरं जमली. शिट्ट्या, नावानं हाका, दोन वाजेपर्यंत. त्या बाईंना ताप होता. सकाळी त्यांनी मला एकच विचारलं, "माझ्या खोलीचा पत्ता यांना कुणी दिला?" मी खरं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी प्रयोग केला, पण नंतर मी लावलेल्या प्रयोगाला त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून कलाकार कुठं उतरलेत, हे मी घरातही सांगत नाही. आज पानटपरीची गरजच नाही. "अमुक आत्ता नवी पेठेत अमुक दुकानात" अशी पोस्ट पडली की दहा मिनिटांत रस्ता बंद होतो. दिसलेल्या माणसाचा ठावठिकाणा तो तिथून जाईपर्यंत कुठंही टाकू नका. बाई एकटी असेल तर मुळीच नको.

गर्दीचं प्रेम माणसाचं काय करतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी मुलगी होती. जिथं जाईल तिथं लोकांचा गराडा पडू लागला. नेहमीसारखं शाळेत जाणं राहिलं नाही आणि दहावीची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यावी लागली. त्या गराड्यातल्या एकाच्याही मनात तिच्याबद्दल वाईट नव्हतं. सगळे कौतुकानंच आले होते. जो तो मनाशी म्हणतो, मी एकटाच तर आहे, एकच फोटो. समोरच्याला तसे हजार येतात.

तुमच्या व्हिडिओबद्दल कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट मनाई नाही. पण म्हणून प्रसिद्ध माणसाला खासगीपण उरत नाही असं नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आणि बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही तिचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधू बघणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण हा गुन्हा त्याआधी जुन्या दंड संहितेतही होता. तुमच्याकडून असं काही झालेलं नाही. तरी "नको" ऐकल्यावर पाऊल तिथंच थांबलं पाहिजे, हे मुलांच्या कानावर घाला.

दुकानदारांसाठी एक सूचना, कारण मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. कलाकार तुमच्या दुकानात चादर घ्यायला आला, हौसेनं फोटो दिला, तर तो फोटो घरात लावा, गल्ल्यामागे लावा. त्याचा फ्लेक्स करून चौकात टांगायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. ती न घेणं म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर फुकट धंदा करणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय वापरायला मनाई केली, ती याच तत्त्वावर. आणि भेट द्यायची इच्छा असेल तर आपली जाडजूड सोलापुरी चादर देऊ नका. एका दौऱ्यात चार-पाच गावं असतात आणि प्रत्येक गावात शाल, नारळ, स्मृतिचिन्ह मिळतं. चादर बॅगेत मावत नाही, मग ती लॉजवर राहते आणि मला मागून पाठवावी लागते. आपल्याकडचा टॉवेल किंवा नॅपकिन द्या, शेंगाची चटणी द्या, दोन्ही वापरात येतं. चटणीचं पाकीट मात्र नीट सील केलेलं असावं, तेल गळून कपडे खराब होतात.

आता, भेटायची खरी जागा आणि वेळ. मराठी नाटकवाल्यांचा जुना रिवाज आहे की पडदा पडल्यावर प्रेक्षकांनी रंगपटात यावं. कलाकारही त्याची वाट बघतात. रिकाम्या रंगपटासारखं उदास काही नसतं. तिसरी घंटा व्हायच्या आधी कुणी जाऊ नये, त्या वेळी ते भूमिकेत शिरत असतात. मध्यंतरातही नको, कारण पंधरा मिनिटांत कपडे बदलणं, घोटभर चहा आणि पुढच्या अंकाची तयारी असते. प्रयोग संपल्यावर दहा मिनिटं दम धरा, मग दारावरच्या माणसाला विचारून आत जा. आणि प्रयोग चालू असताना मोबाइल बंद ठेवा. नाटकाच्या वेळी मोबाइल वाजण्याचा त्रास इतका झाला की २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी, हे असंच चालणार असेल तर मी नाटकात काम करणं थांबवीन, असं जाहीरपणे लिहिलं होतं. ज्या प्रेक्षकाचा मोबाइल ऐन प्रसंगात वाजला, तोच नंतर सेल्फीसाठी पहिल्या नंबरला उभा असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मी त्याला आत सोडत नाही.

राहिली तुमची मुलगी. ती रडली ते फोटो न मिळाल्यानं असेल, पण मला वाटतं त्याहून जास्त ती आवडत्या ताईनं तोंड झाकलं म्हणून रडली. आणि त्यानंतर तिनं घरात त्याच ताईला बाबांनी नावं ठेवलेली ऐकली. हे तिच्या मनात राहू देऊ नका. आज तिच्यासमोर तो व्हिडिओ काढून टाका. त्याच जागी दोन ओळी लिहा की त्या रात्रभर प्रवास करून आल्या होत्या, मी न विचारता मोबाइल धरला, माझं चुकलं. मुलीलाही सांगा की ताई तुझ्यावर रागावली नव्हती, दमली होती. नऊ वर्षांच्या पोरीला हे नीट कळतं, दमलेली आई ती रोज बघते.

मग तिला एक वही आणून द्या. सेल्फीपेक्षा सही मला आजही बरी वाटते. वही पुढे केली की कलाकार आधी विचारतो, "नाव काय तुझं?" आणि तिथून बोलणं सुरू होतं. मोबाइल पुढे केला तर तो फक्त कॅमेऱ्याकडे बघतो. त्या अभिनेत्रीचं नाटक पुन्हा सोलापुरात लागलं की तिकिटं काढा, नाटक पूर्ण बघा आणि नंतर रंगपटाच्या दाराशी या. तुम्ही दोन पावलं मागे राहा, विचारू दे तिलाच. "ताई, सही द्याल का?" एवढं तिच्याकडून घरी चार वेळा म्हणून घ्या, म्हणजे ऐन वेळी आवाज फुटतो. आणि निघण्याआधी पेन कागदावर चालवून बघा. दारात आलेल्या निम्म्या मुलांचं पेन उमटत नाही, म्हणून मी खिशात नेहमी दोन ठेवतो.